घास भरवणारा हात अहवालात कसा मोजायचा: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण मेलबर्नमधल्या एका मराठी कुटुंबाचं आहे. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. मुलाला नील म्हणू. घरात आई, बाबा, पाच वर्षांची बहीण आणि पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर आलेली आजी. कुटुंब २०२२ मध्ये तात्पुरत्या व्हिसावर ऑस्ट्रेलियात आलं आणि कायमच्या वास्तव्याचा व्हिसा, म्हणजे पीआर, ऑगस्ट २०२४ मध्ये मिळाला.

या तारखेवर पुढचं बरंच काही अवलंबून होतं. ऑस्ट्रेलियातली नॅशनल डिसॅबिलिटी इन्शुरन्स स्कीम, म्हणजेच एनडीआयएस, ही अपंग व्यक्तींना लागणाऱ्या मदतीचा खर्च देणारी सरकारी योजना फक्त नागरिक, पीआरधारक आणि संरक्षित विशेष श्रेणीच्या व्हिसाधारकांसाठी आहे. सहा वर्षांखालच्या मुलाला निदानाशिवाय, केवळ 'विकासात विलंब' या आधारावरही योजनेत घेता येतं. पीआर हाती आला तेव्हा नील सहा वर्षं दहा महिन्यांचा होता. ते दार बंद झालं होतं. आता त्याला योजनेच्या कायद्याच्या कलम २४ (अपंगत्वाचे निकष) किंवा कलम २५ (लवकर उपचाराचे निकष) यातूनच जावं लागणार होतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बालरोगतज्ज्ञांनी ऑटिझम, स्तर १ (तीन स्तरांतला सर्वांत कमी मदत लागणारा), आणि डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर (हालचालींच्या समन्वयाची अडचण) असं निदान केलं. पालकांचा गैरसमज बहुतेक वेळा इथेच सुरू होतो. ऑटिझम स्तर २ किंवा ३ असेल तर योजना चालवणारी एजन्सी फारसे पुरावे न मागता अपंगत्वाचा निकष पूर्ण झाल्याचं धरते. स्तर १ ला अडचण कायमची आहे एवढंच मान्य होतं. तिचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो, हे वेगळं सिद्ध करावं लागतं, आणि ते काम मुख्यतः ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (ओटी, म्हणजे रोजची कामं जमावीत यासाठी उपचार करणारा तज्ज्ञ) अहवालाचं.

अडचण

डिसेंबरमध्ये ओटीचा एकतीस पानी अहवाल तयार झाला. खर्च १,४५० डॉलर. योजनेत प्रवेश मिळण्याआधीच्या मूल्यमापनाचे पैसे योजना देत नाही, त्यामुळे ते घरातूनच गेले. विभागातल्या अर्ली चाइल्डहुड पार्टनर या संस्थेमार्फत (नऊ वर्षांखालच्या मुलांचे अर्ज त्यांच्याकडूनच जातात) अर्ज गेला आणि फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला नकाराचं पत्र आलं. पत्राचा मथितार्थ असा: मुलाची कार्यक्षमता लक्षणीय कमी असल्याचं दिसत नाही, लागणारी मदत या वयाच्या मुलाला पालक देतात तशीच आहे, आणि घरात विस्तारित कुटुंबाचा आधार आहे.

पालकांना पत्र अन्यायाचं वाटलं. पण हाती आलेल्या कागदावर अधिकाऱ्याला दुसरा निष्कर्ष काढणं कठीणच होतं. अहवालात नेमकं काय राहून गेलं ते पाहू.

पहिला अहवाल कुठे कमी पडला

मूल्यमापन क्लिनिकमध्ये, नव्वद मिनिटांत झालं. शांत खोली, समोर एकच मोठं माणूस, टेबलावर एका वेळी एकच वस्तू. अशा खोलीत नीलने मणी ओवले, कात्रीने रेषेवर कापलं, जॅकेटची चेनही लावली. मूव्हमेंट एबीसी-२ या हालचालींच्या चाचणीत एकूण गुण पाचव्या शतमकावर आले, म्हणजे शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव मुलांच्या मागे. ही गंभीर अडचण धरली जाते. पण त्या आकड्याचा दात घासण्याशी, डबा उघडण्याशी, चड्डी वर घेण्याशी काय संबंध, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

व्हाइनलँड-३ ही रोजच्या वागण्याची मोजपट्टी फक्त बाबांशी, इंग्रजीत बोलून भरली होती. या मोजपट्टीत एखादी गोष्ट मूल मदतीशिवाय नेहमी करत असेल तर २, कधीमधी किंवा अर्धवट करत असेल तर १ आणि करत नसेल तर ० गुण. मूल काय *करू शकतं* हे इथे विचारलेलं नसतं, ते काय *करतं* हे विचारलेलं असतं. बाबांनी जागोजागी २ सांगितले, कारण त्यांच्या मते "जमतं त्याला सगळं, आळस करतो." यात खोटेपणा कुठेच नव्हता. बाबा सकाळी सातला घर सोडतात आणि परत येतात तेव्हा जेवणं उरकलेली असतात. दैनंदिन कौशल्यांचा गुणांक ८२ आला. सरासरी १०० असलेल्या या मोजपट्टीवर ७१ ते ८५ म्हणजे 'मध्यम कमी'. त्याने कोणाला फारशी काळजी वाटत नाही.

आजीचा उल्लेख एकदाच, 'उपलब्ध आधार' या शीर्षकाखाली: 'आजी घरी असतात व मदत करतात.' किती, कशात आणि कधीपर्यंत, याबद्दल एक शब्द नाही. आजींचं परतीचं तिकीट मे महिन्याचं होतं.

शेवटी शिफारशी. त्यात पोहण्याचे वर्ग आणि आयपॅड. दोन्ही गोष्टी चांगल्याच, पण कोणतेही पालक मुलांसाठी करतात त्या खर्चातल्या. अशी यादी वाचली की अधिकाऱ्याला 'पालकांची जबाबदारी' हा शब्द सुचणारच.

समोर असलेले पर्याय

नकारानंतर तीन वाटा होत्या.

पहिली, अंतर्गत पुनर्विलोकन, म्हणजे एजन्सीनेच आपला निर्णय पुन्हा तपासणं. निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत मागावं लागतं, आणि एजन्सीने साठ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. नवा पुरावा जोडता येतो. तिथेही नकार आला तर अठ्ठावीस दिवसांत अॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल या स्वतंत्र लवादाकडे जाता येतं. हा लवाद ऑक्टोबर २०२४ मध्ये जुन्या लवादाच्या जागी आला.

दुसरी, सगळं बाजूला ठेवून नवा अर्ज. इथे मुदतीची घाई नाही, पण या नकाराविरुद्ध लवादाची वाट मोकळी राहत नाही आणि जुना अहवाल फाइलमध्ये राहतोच.

तिसरी, योजनेचा नाद सोडून मेडिकेअरच्या, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याच्या, आधारावर भागवायचं. ऑटिझम असलेल्या मुलांसाठी मेडिकेअरमध्ये उपचाराची वीस सत्रं आहेत, पण ती दरवर्षी मिळत नाहीत, आयुष्यभराची मिळून वीस. शिवाय बहुतेक ठिकाणी मेडिकेअर देतं त्याच्या वरची फी खिशातून भरावी लागते.

बाबांचा कल तिसऱ्या वाटेकडे होता. "सरकारच्या दारात पुन्हा कशाला जायचं" हे एक कारण, आणि आजी परत गेल्यावर आईने नोकरीचे दिवस कमी करायचे, हा त्यांचा हिशेब. आईला पुनर्विलोकन हवं होतं. पार्टनर संस्थेतल्या कर्मचारी बाईंनी साधा प्रश्न विचारला: आजी गेल्यावर पहिल्या सोमवारी सकाळी सात ते साडेआठ काय होईल, ते लिहून दाखवा. आईबाबांनी बसून लिहिलं. कागद भरला आणि पुनर्विलोकन मागायचं ठरलं. त्याच वेळी दुसऱ्या ओटीकडून नवं मूल्यमापन करून घ्यायचंही ठरलं. पहिल्या ओटीलाच पुरवणी लिहायला सांगणं स्वस्त पडलं असतं, पण तिच्या वेळापत्रकात घरभेट बसत नव्हती.

केलेली कृती

दुसऱ्या ओटीचा हिशेब अकरा तासांचा होता. दोन घरभेटी मिळून चार तास, शाळेत दोन तास, आई आणि आजींची मुलाखत दीड तास, गुणांकन आणि लेखन साडेतीन तास. ताशी १९३.९९ डॉलर या एनडीआयएसच्या कमाल दराने २,१३४ डॉलर झाले.

मुलाखतीआधी एक अडसर आला. आजींना इंग्रजी जुजबी, आणि आईने दुभाष्याला नकार दिला. इथला मराठी समाज लहान. दुभाषी बाई उद्या गणपतीत भेटायच्या आणि सगळीकडे बोभाटा व्हायचा, ही भीती. ती अनाठायी नाही, अनेक घरांत असते. मग आईच आजींचं बोलणं इंग्रजीत सांगेल, असा प्रस्ताव आला. ओटीने तो नाकारला. सून सासूचं बोलणं भाषांतरित करताना कळत-नकळत सावरून घेते, आणि आईचं स्वतःचं उत्तर वेगळं मिळत नाही. शेवटी दुसऱ्या राज्यातला, फोनवरचा, नाव न सांगता बोलणारा मराठी दुभाषी ठरला. आजी मोकळेपणी बोलल्या. "नील जेवतो का?" या प्रश्नावर त्यांचं उत्तर होतं, "जेवतो की, पण घास तोंडात दिला तर."

हे वाक्य कागदावर जसंच्या तसं टाकणं पुरेसं नव्हतं. सात वर्षांच्या मुलाला आजीने भरवणं आपल्याकडे अजिबात वावगं नाही. शाळेतून दमून आलेल्या नातवाला वरण-भात कालवून चार घास भरवणं हे प्रेम आहे. अधिकारी म्हणणार, ही तुमची पद्धत, यात अपंगत्व कुठे आलं? त्या प्रश्नात तथ्य आहे. आणि उत्तर त्याच घरात होतं: बहीणसुद्धा रात्री आजीच्या हातूनच जेवायची.

म्हणून ओटीने बारा जेवणं मोजायची ठरवली. तीन आठवडे, आठवड्याला चार. पहिल्या आठवड्यात नेहमीसारखं, आजींच्या हातून. दुसऱ्या आठवड्यात दोघा मुलांनी आपापलं जेवायचं, आजींनी शेजारी बसायचं, फक्त तोंडी आठवण करून द्यायची. तिसऱ्या आठवड्यात तसंच, पण तीन बदल करून: उभ्या काठाचं ताट, जाड मुठीचा चमचा, आणि खुर्चीखाली पाय टेकवायला पाटासारखं लाकडी स्टूल. पदार्थ तेच, रोजचे: वरण-भात, पोळी-भाजी, दही. मर्यादा पंचवीस मिनिटांची. त्यानंतर उरलेलं आजींनी भरवायचं, म्हणजे मूल उपाशी राहणार नाही. रडू आलं तर तिथेच थांबायचं. दोन जेवणं ओटीने स्वतः पाहिली. बाकीची आईने मोबाइलवर टिपली आणि कागदावर रेघा मारून आठवणी मोजल्या.

आजींना शांत बसवणं सर्वांत कठीण गेलं. पहिल्या संध्याकाळी त्यांचा हात तीनदा ताटाकडे गेला. दुभाष्यामार्फत ओटीने विनवलं, "आजी, आज तुम्ही फक्त बघा. तुमचा हात किती काम करतो, ते मला लिहायचंय." तेव्हा त्यांनी पदरात हात गुंडाळून घेतले.

निष्कर्ष असे. भरवलं की दोघं वीस मिनिटांच्या आत जेवत. एकटं जेवताना बहिणीला दोन-तीनदा आठवण करून द्यावी लागली आणि तिचं ताट वीस मिनिटांत संपलं. नीलने पंचवीस मिनिटांत जेमतेम एक तृतीयांश खाल्लं, दर जेवणाला १७ ते २९ आठवणी लागल्या. पोळीचा तुकडा दोन्ही हातांनी धरूनही तुटेना, ती चुरगळायची. चमचा तोंडापर्यंत येईस्तोवर मनगट वळायचं आणि भात मांडीवर. तिसऱ्या आठवड्यात अर्ध्याहून थोडं जास्त संपलं आणि आठवणी सरासरी १३ वर आल्या.

तिसऱ्या आठवड्याचं मोल प्रकरणात सर्वांत जास्त ठरलं. दुसऱ्या आठवड्याने सिद्ध झालं की मदत पद्धतीपोटी नाही, गरजेपोटी आहे. तिसऱ्याने दाखवलं की योग्य उपचाराने ती गरज कमी होते. कलम २५ नेमकं हेच मागतं: आज केलेल्या मदतीने उद्याची मदत कमी होईल का?

शाळेत वेगळीच गोष्ट हाती लागली. घरी नील पाण्याने स्वच्छता करतो, शाळेत फक्त कागद. तो सकाळी साडेआठ ते साडेतीन स्वच्छतागृहात जातच नव्हता, आणि आठवड्यातून साधारण दोनदा घरी पोचण्याआधी कपडे ओले व्हायचे. शिक्षिकेला याची गंधवार्ता नव्हती. ओटीने याचे तुकडे पाडले. पाण्याची सवय: दप्तरात लहान बाटली, सरावाने प्रश्न सुटला. पँटचं बटण: रबरी कमरेची पँट, तोही सुटला. उरलं ते लघवीची जाणीवच वेळेवर न होणं. त्यासाठी ठरलेल्या वेळी मोठ्या माणसाने आठवण करणं लागतच राहिलं. अहवालात तिन्ही गोष्टी लिहिल्या, सुटलेल्या दोन्हींसह. सुटलेलं लपवलं असतं तर तिसऱ्या गोष्टीवरचा विश्वास उडाला असता.

व्हाइनलँड-३ पुन्हा झाली, आई आणि आजींच्या मुलाखतीतून, शिवाय शिक्षिकेचा स्वतंत्र फॉर्म. दैनंदिन कौशल्यांचा गुणांक ६८ आला. चार महिन्यांत ८२ चे ६८ म्हणजे मूल मागे गेलं का? नाही, आणि हे अहवालात पहिल्याच पानावर स्पष्ट केलं: माहिती देणारी व्यक्ती बदलली, कारण ही मदत रोज जी करते तिला आता विचारलं गेलं. घरकामाच्या उपक्षेत्रातले कमी गुण ओटीने आधार म्हणून वापरले नाहीत. या घरात मुलांना केर काढायला, भांडी लावायला कोणी सांगतच नाही. तिने भर दिला तो वैयक्तिक काळजीवर. उपक्षेत्रांच्या वेगळ्या पट्टीवर सरासरी १५ असताना नीलचे ८ होते, आणि शिक्षिकेच्या फॉर्ममधला सूरही तोच होता. मोजपट्टीचे निकष अमेरिकी मुलांवरून बांधलेले आहेत, हेही नोंदवलं.

इथे पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरणाऱ्या एका सल्ल्याबद्दल बोलायला हवं: 'मुलाचा वाईटातला वाईट दिवस सांगा.' हा सल्ला घातक आहे. नियमांत शब्द आहे 'सहसा' इतरांची मदत लागते का, आणि त्या मदतीत हात लावणं, देखरेख, सूचना, आठवण करून देणं हे सगळं येतं. वाईट दिवसाचं वर्णन शिक्षिकेच्या फॉर्मशी जुळत नाही आणि अधिकारी ती विसंगती चटकन पकडतो. सांगायचा तो नेहमीचा मंगळवार, पण त्यातला प्रत्येक हात मोजून.

नवा अहवाल नऊ पानांचा झाला. संवाद, सामाजिक व्यवहार, शिकणं, हालचाल, स्वतःची काळजी, स्वतःचं व्यवस्थापन या सहाही क्षेत्रांसाठी एकेक परिच्छेद. शिकणं आणि हालचाल यांत 'लक्षणीय घट नाही' असं सरळ लिहिलं. आजींबद्दल तीन ओळी: रोज सुमारे अडीच तासांची मदत, कोणत्या कामांत, आणि ती मे महिन्यात थांबणार. शिफारशी चार रकान्यांत विभागल्या: घर काय करेल, शाळा काय करेल, आरोग्यसेवा काय करेल, आणि उरलेलं जे फक्त एनडीआयएसकडूनच शक्य आहे. पोहणं आणि आयपॅड गायब.

निकाल

पुनर्विलोकनाचा अर्ज एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, मुदत संपायला जेमतेम आठवडा असताना गेला. जूनच्या मध्यावर निर्णय आला. कलम २४ खाली नकार कायम राहिला, कलम २५ खाली नीलला योजनेत घेतलं. पहिल्या वर्षासाठी ओटी आणि स्पीच थेरपी मिळून सुमारे १४,००० डॉलर मंजूर झाले. ओटीच्या दराने हे बहात्तर तासांचे पैसे.

पालक थोडे खट्टू झाले, कारण कलम २५ चा प्रवेश पक्का मानला जात नाही. नऊ वर्षांच्या आसपास पात्रता पुन्हा तपासली जाऊ शकते. तरी पुढे लवादाकडे जायचं नाही, असं ठरलं. हा निर्णय योग्य होता असं आम्हाला वाटतं. हाती असलेल्या पुराव्याचं वजन कलम २५ लाच पुरणारं होतं, आणि लवादाच्या महिन्यांत ना आईची झोप उरली असती ना उपचारांचं लक्ष.

काय वेगळं करता आलं असतं

तात्पुरत्या व्हिसाच्या दोन वर्षांत कुटुंब गप्प बसलं, 'पीआर आल्यावर बघू' म्हणत. योजनेत प्रवेश तेव्हा शक्य नव्हता हे खरं, पण बालवाडीतल्या बाईंच्या नोंदी आणि एखादी प्राथमिक ओटी तपासणी तेव्हा झाली असती तर अडचण लहानपणापासूनची आहे याचा तारीखवार पुरावा हाती राहिला असता. तो नसल्यामुळे नव्या अहवालाला सगळा भार एकट्याने उचलावा लागला.

पहिल्या भेटीआधी ओटीला दोन प्रश्न विचारायला हवे होते: घरी आणि शाळेत याल का? आणि मुलाला हाताने मदत करणाऱ्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलाल का? दोन्हींना 'नाही' असेल तर १,४५० डॉलर वाचवून थांबलेलं बरं.

बालरोगतज्ज्ञांचं पत्र ओटीच्या अहवालाआधी लिहिलं गेलं, त्यामुळे त्यात कार्यक्षमतेबद्दल एकच मोघम वाक्य होतं. क्रम उलटा हवा. पुनर्विलोकनाच्या वेळी बारा जेवणांचा तक्ता पाहून त्यांनी दिलेलं दुसरं पत्र अर्ध्या पानाचंच होतं, पण उपचाराने फरक पडेल हे त्यांनी कारणासह लिहिलं.

दुसऱ्या ओटीकडूनही एक गोष्ट राहिली. सकाळची तयारी तिने पाहिली, पण जेवणासारखी मोजली नाही. कपडे घालायला ३४ मिनिटं लागल्याची एकाच दिवसाची नोंद अहवालात होती आणि एजन्सीने ती विचारात घेतली नाही. एका दिवसाचा आकडा कोणीही घेणार नाही. दहा दिवसांचा घ्यायला हवा होता.

आजी मेच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याला गेल्या. पुढच्या तपासणीआधी तीच बारा जेवणं पुन्हा मोजायची ठरली आहेत, तेच पदार्थ, तीच पंचवीस मिनिटं. या वेळी शेजारी आई बसेल, आणि जाड मुठीचा चमचा चार जेवणांपुरता काढून ठेवला जाईल.